माल ठेवलाय की माल पडलाय? (जीडीपीतल्या 'साठ्यातील बदला'विषयी)

चाटीगल्लीकर | रविवार, रात्री 10:52

मी सोलापुरात एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेड, चाळीसेक माग, मागच्या बाजूला गोडाऊन. टॅलीवर काम करत असलो तरी मालकांचा मुलगा मला अजून मुनीमकाकाच म्हणतो.

दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट जातं. सूत किती, बीमवर किती, डाईंगला गेलेलं किती, शिलाईत किती, तयार गठ्ठे किती. त्यातून 25 टक्के मार्जिन कापून आमची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे बँकेकडून किती उचलता येईल ते, ठरते. परवा मोजायला गोडाऊनमध्ये गेलो. आम्ही प्रत्येक गठ्ठ्यावर निळ्या स्केचपेननं महिना लिहितो. भिंतीकडच्या थरावर सगळीकडं 'ऑगस्ट', 'ऑगस्ट', 'ऑगस्ट'. हे अमेरिकेला जायचे होते. 27 ऑगस्ट 2025 ला तिथलं आयातशुल्क 50 टक्क्यांवर गेलं आणि तिकडच्या गिऱ्हाइकानं "थांबा" म्हणून कळवलं. तेव्हापासून आम्ही थांबलोय. सगळ्यात वरच्या गठ्ठ्यावर मांजरीनं पिल्लं घातलीत. ती अंगावर येते, म्हणून त्या थराचा आकडा मी अंदाजानं टाकला. बँकेला सांगू नका.

घरी आलो तर मुलगी अभ्यासाला बसलेली. बी.ए.ला अर्थशास्त्र आहे. मोठ्यानं पाठ करत होती: स्थूल भांडवल निर्मिती म्हणजे स्थिर भांडवल निर्मिती अधिक साठ्यातील बदल अधिक मौल्यवान वस्तू. मी म्हटलं, थांब. साठ्यातील बदल म्हणजे आमचे ते ऑगस्टचे गठ्ठे? ती म्हणाली, हो बाबा, ती देशाची गुंतवणूक आहे.

मालकांना रात्रीची झोप नाही, बँकेतले साहेब कागद बघून भुवया वर करतात, आणि देशाच्या वहीत ही गुंतवणूक?

आमच्या बाजारात याला दोन शब्द आहेत. दिवाळीसाठी, लग्नसराईसाठी भरला तो ठेवलेला माल. उठाव नाही म्हणून राहिला तो पडलेला माल. गोडाऊनमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, पण मालकाच्या तोंडाकडं बघून कुठला कुठला ते ओळखता येतं. जीडीपीवाल्यांकडं एकच शब्द कसा काय? जाणकारांनी सांगावं.

कडकभाकरी | रविवार, रात्री 11:03

वाचतोय. पिल्लं किती आहेत?

निवृत्त_मोजणीदार | रविवार, रात्री 11:40

मुनीमसाहेब, मुलीचं पुस्तक बरोबर आहे आणि तुमची तक्रारही बरोबर आहे. आधी पुस्तकाची बाजू.

जीडीपी मोजतो ते उत्पादन. तुमच्या मागांवर ऑगस्टपर्यंत टॉवेल विणले गेले, मजुरी दिली, वीज जळली. त्याची नोंद त्याच तिमाहीत व्हायला हवी, मग माल विको न विको. आता हाच जीडीपी खर्चाच्या बाजूनंही मांडतात: लोकांनी घेतलं ते, सरकारनं घेतलं ते, भांडवल निर्मिती, निर्यात, आणि त्यातून वजा आयात. समजा हजार डझन विणले आणि सातशे गेले. उत्पादनाच्या पानावर हजार, खर्चाच्या पानावर सातशे. खतावणी जुळत नाही. मग उरलेले तीनशे घेतले कोणी? तुमच्या मालकांनी, स्वतःच्याच कारखान्याकडून. म्हणून 'साठ्यातील बदल' अधिक तीनशे. पुढच्या तिमाहीत ते तीनशे विकले गेले की विक्रीत अधिक तीनशे आणि साठ्यात उणे तीनशे, म्हणजे जीडीपीत शून्य. असं केलं नाही तर तोच टॉवेल दोनदा मोजला जाईल.

'गुंतवणूक' हा शब्द तुम्हाला शाबासकीसारखा ऐकू आला, म्हणून राग आला. आज केलं, आज संपलं नाही, उद्याला उरलं, एवढंच तो शब्द सांगतो.

आणि एक. तुमचं स्टॉक स्टेटमेंट संयुक्त राष्ट्रांच्या 2008 च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीला बरंच धरून आहे. तिथंही कच्चा माल, अर्धवट तयार माल, तयार माल आणि पुनर्विक्रीसाठी आणलेला माल असेच कप्पे आहेत. त्यात 2008 ला लष्कराचा दारूगोळाही आला. डाईंगला गेलेलं सूत तुमच्याच साठ्यात, कारण मालकी बघतात, जागा नाही. तुमचे गठ्ठे न्हावा शेवाला कंटेनरमध्ये उभे असते तरी विकले जाईपर्यंत तुमचेच.

शेंगाचटणी | सोमवार, सकाळी 7:15

काका, माझा एक बारीक प्रश्न. मी घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकते. मार्चमध्ये मंगळवेढ्याची ज्वारी भरली, सहा पोती. त्यातली दोन घरात खायला, चार धंद्याला. सगळी एकाच कोठीत. ही कुठं धरतात?

निवृत्त_मोजणीदार | सोमवार, सकाळी 8:30

ताई, प्रश्न बारीक नाही. घरात खायची दोन पोती ज्या दिवशी विकत घेतली त्याच दिवशी 'उपभोग' म्हणून संपली. प्रत्यक्षात वर्षभर पुरली तरी. ग्राहक म्हणून घर साठा ठेवत नाही, असा नियमच आहे. धंद्याची चार पोती मात्र साठा, आणि भाकरी थापत जाल तसा तो उतरत जाईल. ज्या शेतकऱ्याकडून घेतलीत त्यानं स्वतःला खायला ठेवलेली ज्वारी पुन्हा साठाच, कारण तो उत्पादक आहे. कोठीतली कुठली ज्वारी कुठली, हे विचारायला कुणी येणार नाही. अंदाज बांधतात.

हुरडाप्रेमी | सोमवार, सकाळी 9:02

ज्वारीचा विषय निघाला म्हणून. माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. वाड्याच्या अंगणात पेव (जमिनीखालचं धान्याचं कोठार) होतं, तोंडावर मोठी फरशी आणि वर माती. उघडलं की लगेच आत कुणी उतरायचं नाही. आजोबा दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला तर आणखी थांबायचं, आतली हवा जीव घेते. आत भिंतीला कडब्याचा थर, आणि ज्वारीला एक आंबूस वास. तीन-तीन वर्षांचं धान्य असायचं. आजोबांना विचारलं असतं की हे ठेवलेलं की पडलेलं, तर म्हणाले असते, दुष्काळ आला की कळेल.

सध्या_पुण्यात | सोमवार, दुपारी 1:20

पीएचडी करतोय, विषय याच्या आसपासचा, म्हणून राहवत नाही. मोजणीदार काकांनी साठा आणि साठ्यातील बदल समजावला. पण बातम्यांत जे येतं, 'साठ्यांमुळे विकासदर घटला' वगैरे, त्यात आणखी एक पायरी आहे, आणि तिथंच सगळे घसरतात. मुनीमकाकांच्या डझनांवरच दाखवतो. तिमाही चार, आकडे माझ्या मनचे.

पहिली तिमाही: विणले 1000, विकले 900, साठ्यात भर 100.
दुसरी: विणले 1000, विकले 700, भर 300.
तिसरी: विणले 700, विकले 700, भर 0.
चौथी: विणले 600, विकले 700, भर उणे 100.

दुसऱ्या तिमाहीत विक्री दोनशेनं पडली, पण उत्पादन जागचं हललं नाही, कारण साठ्यानं ते सावरून धरलं. वाढीतलं साठ्याचं योगदान अधिक 200, म्हणजे 300 वजा 100. वर्तमानपत्र लिहील, अर्थव्यवस्था स्थिर. गोडाऊनवाल्याला मात्र तेव्हाच घाम फुटलेला असतो.

आता तिसरी बघा. विक्री तितकीच, सातशे. साठाही कमी झाला नाही, एक डझनसुद्धा नाही. तरी उत्पादन तीनशेनं कोसळलं. साठ्यात पडणारी भर 300 वरून 0 वर आली, म्हणून योगदान उणे 300. चौथ्यात पुन्हा विक्री तीच आणि उत्पादन आणखी शंभरनं खाली. पाचव्या तिमाहीत मालक म्हणाले, चला, जितकं विकतं तितकंच विणू, सातशे. विक्री अजूनही सातशेच, आणि 'वाढ' शंभराची!

थोडक्यात, जीडीपीत साठ्यातला बदल मोजतात, आणि जीडीपीच्या वाढीत त्या बदलातला बदल. देशाच्या एकूण जीडीपीत ही ओळ चिमुकली असते, आपल्याकडं साधारण एक-दोन टक्क्यांच्या घरात, काही देशांत त्याहून कमी. पण ती अधिकची उणे आणि उण्याची अधिक अशी झोके घेते, त्यामुळं तिमाहीच्या विकासदरात तिचा आवाज मोठा. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ जोसेफ किचिन यांनी 1923 मध्येच ब्रिटन-अमेरिकेच्या आकड्यांत साधारण 40 महिन्यांचं एक छोटं चक्र दाखवलं होतं, त्याचा संबंध नंतर साठ्यांशीच जोडला गेला.

चाटीगल्लीकर | सोमवार, रात्री 9:45

तिसऱ्या तिमाहीच्या ओळीवर मी दहा मिनिटं अडकलो. मग आमचंच मागच्या चार महिन्यांचं रजिस्टर काढलं. अगदी हेच झालंय. ऑगस्टला गठ्ठे वाढले तेव्हा शेडमध्ये दोन पाळ्या चालू होत्या. आता गठ्ठे वाढत नाहीत, बँकवाले खूश, पण एकच पाळी आहे. रात्रपाळीचे कामगार आता दुसरीकडं बसतात, काहीजण गावी गेले. साठा थांबला तो त्यांच्या पगारातून थांबला. हे मला रजिस्टरमध्ये कधी दिसलं नव्हतं, कारण मी साठा आणि हजेरीचं मस्टर वेगवेगळ्या दिवशी बघतो.

गाठोडं | सोमवार, रात्री 10:10

एवढं सगळं कशाला? मी सुताचा व्यापार करतो. सूत महागलं की साठा वाढला, सूत उतरलं की साठा घटला. 2022 मध्ये कापूस खंडीला लाखावर गेला तेव्हा माझ्या गोडाऊनमध्ये एक पोतं जास्तीचं आलं नाही, तरी ताळेबंदात साठा केवढा फुगला. देशाचा जीडीपीपण तसाच फुगला असणार. सगळा हवेचा खेळ.

निवृत्त_मोजणीदार | सोमवार, रात्री 11:05

गाठोडं मालक, इथं तुम्ही चुकताय, पण चूक उपयोगाची आहे.

समजा वर्षाच्या सुरुवातीला तुमच्याकडं सुताची 100 पोती, पोत्याला 12,000. साठा 12 लाख. वर्षअखेर पुन्हा 100 पोती, भाव 13,500. साठा साडेतेरा लाख. तुमच्या वहीत दीड लाख वाढले, म्हटलं तर नफाही वाढला. राष्ट्रीय लेख्यात साठ्यातील बदल शून्य. पोती तेवढीच आहेत ना? कुणी काही निर्माण केलं नाही, वस्तू धरून बसल्याचा लाभ झाला. म्हणून नियम असा की माल साठ्यात शिरताना त्या वेळच्या भावानं आणि बाहेर पडताना त्या वेळच्या भावानं मोजायचा. रोजच्या रोज असं कोण लिहितं? मग कंपन्यांच्या वहीतला आकडा घेऊन त्यातून भाववाढीचा वाटा काढून टाकतात. ही दुरुस्ती भाव जोरात हलतात तेव्हा मोठी होते आणि अवघडही, कारण कोणता कारखाना साठा कसा मोजतो यावर ती अवलंबून. आपल्याकडच्या लेखा मानकात आधी आलं ते आधी गेलं असं धरा किंवा भारित सरासरी काढा, शेवटी आलं ते आधी गेलं ही पद्धत चालत नाही. अमेरिकेत चालते.

उलट बाजूनंही हेच. भाव पडला म्हणून मुनीमसाहेबांच्या मालकांनी ऑगस्टचे गठ्ठे स्वस्तात काढले तर तो तोटा त्यांचा. उत्पादन घटलं असं देशाची वही म्हणणार नाही.

गाठोडं | सोमवार, रात्री 11:20

म्हणजे 2022 ला मी कमावलं ते जीडीपीत नाही आणि नंतर भाव उतरल्यावर घातलं तेही नाही. न्याय आहे म्हणायचा. इन्कम टॅक्सवाल्यांना पण सांगा की हे.

मळीचा_वास | मंगळवार, सकाळी 6:40

नमस्कार मंडळी. मी पंढरपूर तालुक्यातला, साखर कारखान्यात गोडाऊन कीपर. तुमचे डझन ऐकून हसू येतंय. आमच्याकडं आत्ता रोज पोत्यांची थप्पी चढतीय. नोव्हेंबरला गाळप सुरू, मार्चपर्यंत सगळी साखर तयार, आणि विकायची वर्षभर. तीपण मनाला येईल तशी नाही, केंद्र सरकार दर महिन्याला कोटा देतं तेवढीच. आमची थप्पी छताला लागली म्हणून आमच्याकडं मंदी आलीय का? नाय ओ. कोट्यामुळं आहे. मग सांगा हा माल ठेवलाय का पडलाय? मला वाटतं हा 'बसवलेला' माल आहे.

आणि किमतीचं म्हणाल तर साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 ला 31 रुपये किलो ठरली. त्या हंगामात उसाची एफआरपी (शेतकऱ्याला द्यायचा किमान दर) क्विंटलला 275 होती, 2025-26 ला ती 355 आहे. गोडाऊनमधल्या पोत्याकडं बघितलं की हाच हिशेब डोळ्यापुढं येतो. शेतकरी बिलासाठी दारात, आणि पैसा थप्पीत अडकलेला.

सध्या_पुण्यात | मंगळवार, सकाळी 10:15

मळीचा वास यांनी मोठी गोष्ट सांगितली. सोलापूर जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत की जानेवारी-मार्चमध्ये साठा फुगणार आणि पावसाळ्यात उतरणार हे ठरलेलंच. म्हणून आधीच्या तिमाहीशी तुलना करताना ऋतूचा परिणाम काढावा लागतो, किंवा मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून बघावं लागतं. गव्हाचंही तसंच. एप्रिल-जूनमध्ये अन्न महामंडळ खरेदी करतं तेव्हा गहू शेतकऱ्याच्या साठ्यातून महामंडळाच्या साठ्यात जातो. एकाचं उणे, दुसऱ्याचं अधिक. 1 जुलैला गहू-तांदूळ मिळून 411.2 लाख टन हाताशी असावेत असा सरकारी निकष आहे, आणि तो माल ठेवलेलाच.

डाळिंबवाला_सांगोला | मंगळवार, दुपारी 12:30

आमच्या बागेचं काय? झाडं, फळं, म्हशी, बोकडं?

निवृत्त_मोजणीदार | मंगळवार, दुपारी 2:00

डाळिंबाचं झाड वर्षानुवर्षं फळ देतं, म्हणून ते स्थिर भांडवल, मागासारखंच. उभी ज्वारी एकदाच कापायची, ती कापेपर्यंत अर्धवट तयार माल. दुभती म्हैस स्थिर भांडवल. कापायला वाढवलेलं बोकड साठा. सराफाच्या दुकानातले दागिने साठा, तेच कुणी किंमत टिकते म्हणून घेऊन ठेवले तर 'मौल्यवान वस्तू', भांडवल निर्मितीतला तिसरा कप्पा.

हुरडाप्रेमी | मंगळवार, दुपारी 2:20

आणि पुरात गेलेलं? सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा आमच्या पाहुण्यांची घरात ठेवलेली पोती भिजून कोंब आले. उकिरड्यावर टाकली. तो 'साठ्यातील बदल' उणे?

निवृत्त_मोजणीदार | मंगळवार, दुपारी 3:10

नाही. चाळीतला कांदा सडतो, वजन घटतं, ही दरवर्षीची, धरून चाललेली घट. ती साठ्यातून वजा होते, म्हणजे जीडीपीतूनही. पुरासारखं अचानक आलेलं मोठं नुकसान वेगळ्या खात्यात जातं, मालमत्तेतील इतर बदल म्हणून. जीडीपीच्या आकड्यात तुमच्या पाहुण्यांची पोती दिसणारच नाहीत. वाईट वाटतं, पण असंच आहे.

कडकभाकरी | मंगळवार, दुपारी 3:15

म्हणजे सडलेला कांदा दिसतो आणि वाहून गेलेली ज्वारी दिसत नाही. धन्य.

सध्या_पुण्यात | मंगळवार, संध्याकाळी 6:50

मूळ धाग्यातल्या अमेरिकेकडं येतो. शुल्क लागणार हे दिसल्यावर तिथल्या व्यापाऱ्यांनी 2025 च्या पहिल्या तिमाहीत जगभरातून माल उचलून भरून ठेवला. त्या तिमाहीत त्यांचा जीडीपी किंचित घटला, आणि दुसऱ्या तिमाहीत आयात आटल्यावर वार्षिक दरानं 3 टक्क्यांहून जास्त वाढला. पुष्कळांनी लिहिलं, आयातीनं जीडीपी खाल्ला. हिशेबानं तसं होत नाही. आयात केलेला टॉवेल गोडाऊनला गेला तर आयातीत उणे, साठ्यात अधिक, एकूण शून्य. आयात वजा करतात ती दुसऱ्या देशाचं उत्पादन आपल्या खात्यात पडू नये म्हणून. गडबड कुठं होते, तर बंदरावरची आयात नेमकी मोजली जाते, पण हजारो गोडाऊनमधला साठा तितक्या लवकर आणि तितका नेमका मोजता येत नाही. उणे पूर्ण धरलं, अधिक अर्धंच हाताला लागलं, तर जीडीपी उगाच खाली दिसतो. अनेक अर्थतज्ज्ञांचा कयास असाच होता.

मुनीमकाका, वर्षाच्या सुरुवातीला तुमचा माल भराभर उचलला गेला असेल तर तो तिकडं 'ठेवलेला' होता. ऑगस्टनंतर त्यांना घाई नव्हती, त्यांची गोडाऊनं भरलेली होती.

चाटीगल्लीकर | मंगळवार, रात्री 9:30

फेब्रुवारी-मार्चला तिकडून रोज फोन होते. आम्हाला वाटलं सोलापूरच्या टेरी टॉवेलचं नशीब उघडलं. मालकांनी चार जादा माग घेतले. (म्हणजे ती स्थिर भांडवल निर्मिती. बघा, शिकतोय.)

पण काका, माझा मूळ प्रश्न तसाच आहे. आणि नवा एक: आमचा साठा देशाला कळतो कसा? माझ्याकडं तर कुणी आलं नाही.

निवृत्त_मोजणीदार | मंगळवार, रात्री 11:25

नोंदणीकृत कारखाने वार्षिक उद्योग सर्वेक्षणाच्या कक्षेत येतात, पण सगळेच दरवर्षी निवडले जात नाहीत. त्या पत्रकात सुरुवातीचा साठा, अखेरचा साठा, कच्चा, अर्धवट, तयार, असं सगळं विचारतात. मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद कंपनी मंत्रालयाकडं जातात, तिथून येतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घराघरांतले चार-सहा माग असंघटित क्षेत्राच्या सर्वेक्षणात येतात. तिमाहीचा आकडा हवा असतो तेव्हा यातलं बरंच हातात नसतं, म्हणून निर्देशकांवरून अंदाज, आणि नंतर सुधारणा. त्यामुळं या ओळीची पहिली बातमी फार मनावर घेऊ नये. खर्चाची बाजू आणि उत्पादनाची बाजू तरीही जुळली नाही तर आपल्याकडं उघडपणे 'विसंगती' नावाची एक ओळच असते.

मी नोकरीत असताना अशी पत्रकं भरून घेत फिरलोय. कुठल्या गावात ते सांगत नाही. एका शेडमध्ये मालक खुर्चीवर, समोर चहा, मी अखेरचा साठा विचारला. त्यांनी मुनीमाला हाक मारली आणि मुनीमानं अगदी निष्पाप चेहऱ्यानं विचारलं, "कुठला सांगू, बँकेचा का इन्कम टॅक्सचा?" अखेरचा साठा मोठा दाखवला की ड्रॉइंग पॉवर वाढते, आणि लहान दाखवला की नफा आणि कर कमी होतो. मी म्हटलं, गोडाऊनमधला सांगा. दोघंही एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी आम्ही तिघं जाऊन थप्प्या मोजल्या. संध्याकाळचे सात वाजले.

तुमचा मूळ प्रश्न. राष्ट्रीय लेख्यांत ठेवलेला आणि पडलेला असा भेद नाही, कारण त्यासाठी मालकाचं मन वाचावं लागेल. अर्थशास्त्राच्या पुस्तकात नियोजित आणि अनियोजित साठा असतो, सर्वेक्षणाच्या पत्रकात नसतो. त्यासाठी साठ्याला विक्रीनं भागून बघतात. साठा वाढला आणि विक्रीही वाढली, तर बहुधा ठेवलेला. साठा वाढला आणि विक्री बसली, तर पडलेला. रिझर्व्ह बँक 2008 पासून दर तिमाहीला उत्पादन कंपन्यांच्या ऑर्डरी, साठे आणि क्षमतेचा वापर यांचं सर्वेक्षण करते, त्यात तयार मालाचं आणि कच्च्या मालाचं विक्रीशी प्रमाण असतं. मी जीडीपीची साठ्याची ओळ वाचली की ते प्रमाणही शेजारी ठेवतो. तयार माल वाढतोय आणि कच्चा माल घटतोय, तर समजावं मालक आता सूत घेत नाहीत.

चाटीगल्लीकर | मंगळवार, रात्री 11:50

विसंगती! म्हणजे न जुळणारी रक्कम टाकायला सरकारचं पण सस्पेन्स खातं असतं! काका, आज शांत झोप लागेल.

(तुमचा तो मुनीम मी नव्हतो. एवढंच सांगतो.)

गाठोडं | बुधवार, सकाळी 8:10

आमच्या गल्लीतलं सूत उचलायचं प्रमाण मी कुणाच्याही सर्वेक्षणाआधी सांगू शकतो. टेम्पोवाले चहाच्या टपरीवर दुपारी बसलेले दिसले की समजायचं.

शेंगाचटणी | बुधवार, सकाळी 9:25

गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) तोंडावर आलाय, चाळीस किलो चटणी कुटून ठेवलीय. ठेवलीय हं, पडली नाही. यात्रा संपल्यावर सांगते.

चाटीगल्लीकर | शनिवार, रात्री 10:30

धागा वर काढतोय. ऑगस्टच्या गठ्ठ्यांना गिऱ्हाईक मिळालं. दक्षिणेतल्या हॉटेलांना माल पुरवणारा एक व्यापारी. भाव पडेल दिला, मालकांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. गुरुवारी ट्रक लागला. सकाळी आठपासून हमाल गठ्ठे उतरवत होते. निळ्या शाईतला 'ऑगस्ट' एकेक करून दारातून बाहेर गेला. भिंत दिसली, पावसाळ्यात ओल आलेली, इतके दिवस झाकली होती. चार-पाच गठ्ठ्यांना खाली पिवळट डाग निघाले, ते बाजूला काढले.

मुलीला हिशेब घातला. ती म्हणाली, व्यापाऱ्यानं घेतलं ते त्याच्या साठ्यात अधिक, तुमच्यात उणे, नवं उत्पादन काही नाही, ते ऑगस्टलाच मोजून झालं. फक्त ट्रकचं भाडं, हमाली आणि पुढं व्यापाऱ्याची दलाली तेवढी आजची. मालकांना हे सांगितलं नाही. ते चेकचा फोटो काढत होते.

मांजरीचा गठ्ठा तेवढा राहिलाय. हमालांनी हात लावला नाही, मालकांनीही बघून न बघितल्यासारखं केलं. स्टॉक स्टेटमेंटमध्ये लिहिलाय, एक नग. ठेवलेला.

कडकभाकरी | शनिवार, रात्री 10:34

मी पहिल्या दिवसापासून विचारतोय, पिल्लं किती?

चाटीगल्लीकर | शनिवार, रात्री 10:36

चार. एक पांढरं.

कडकभाकरी | शनिवार, रात्री 10:37

मोजणीदार काका, मग ही स्थिर भांडवल की साठा?

निवृत्त_मोजणीदार | शनिवार, रात्री 11:15

गोडाऊनमधले उंदीर धरायला लागली की स्थिर भांडवल. तोवर अर्धवट तयार माल.